वाचून दाखवलेलं पत्र

औरंगाबाद,
शुक्रवार, १६ डिसेंबर १९८३

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी यंदा बरीच आहे. आईचा दमा कसा आहे ते कळव. जावईबापूंची बदली रद्द झाल्याचं कानावर आलं, बरं झालं. मुलांना माझे पापे सांगू नकोस, आता ती मोठी झाली, त्यांना आवडायचे नाहीत.

अण्णांचे दिवस मुलगा म्हणून मी केले, नीट पार पडले. तेराव्याला त्यांच्या कचेरीतले जुने चार-पाच जण आले होते. एक जण काठी टेकत आले आणि न जेवता नुसते बसून गेले. तुझी आणि आईची वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पहिले दोन दिवस पाहिली. गंगापूरहून एसटी तासाभरात येते हे मलाही माहीत आहे, तुलाही. पण मी रागावलेलो नाही. रागवायचा मला हक्क नाही, आणि तो का नाही हे सांगायलाच लिहायला बसलोय. हे पत्र आधी तू एकटी पूर्ण वाच. मग आईला वाचून दाखव. दाखवच. तिची तब्येत पाहता आता उशीर करून चालणार नाही, आणि हे कळल्याशिवाय ती जाऊ नये.

बघ, एवढं लिहून मी चहा करून घेऊन आलो. टाळाटाळीत माझा हात कोणी धरणार नाही.

शेजारच्या द्वारकाबाई तुला आठवत असतील. गेली पंधरा वर्षं अण्णांना दोन वेळची भाकरी त्यांनीच करून घातली. शेवटचं बोलणं त्यांच्याशीच झालं. त्या सांगत होत्या, "लई गरीब माणूस बगा. छातीत दुखाया लागलं तवा म्या म्हन्लं, अण्णा, गंगापूरला बाईस्नी सांगावा धाडू का? तर म्हन्ले, नको. ती यायची नाय. अन् तिचं बराबर हाय."

"तिचं बरोबर आहे." हे वाचून तुला काय वाटलं असेल ते मला इथं बसून दिसतंय. शेवटी का होईना, म्हातारा कबूल झाला, असंच ना? कालिंदी, अण्णांनी काहीही कबूल केलं नाही. कबूल करण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतंच.

काल गुरुवार होता. मी गुलमंडीवरून फुलं घेतली आणि निघालो. अण्णा दर गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून परस्पर कुठं जायचे, येताना त्यांच्या सदऱ्याला वास कसला यायचा, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तूच एकदा परकरात असताना म्हणाली होतीस, "आज अण्णांना त्या बाईचं अत्तर लागलंय." आईनं तुला गप्प केलं नव्हतं. तर त्या बाईकडे काल मी गेलो. रोशन गेटच्या पलीकडे एक लहानसं कब्रस्तान आहे. कडुलिंबाखाली एक साधी कबर, चुना लावलेली, कोपऱ्यात उदबत्तीची राख. सदऱ्याला यायचा तो वास या उदबत्तीचा. तिथला म्हातारा रखवालदार माझ्या हातातली फुलं बघून उठला.

"बडे साब के लडके ना तुम? दो जुम्मेरात होगए, साब आएच नै. तबियत तो अच्छी है ना उनकी?"

मी सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "बारिश हो, कर्फ्यू हो, नागा नै करे कभी. मैं सगे बेटे देखा हूँ, वो भी नै आते."

कबर वहीदचाचांच्या आईची आहे. वहीदुद्दीन तुला आठवणार नाहीत, तू फार लहान होतीस. अण्णा कलेक्टर कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते तेव्हा शेजारच्या टेबलावर ते बसायचे. रझाकारांच्या दिवसांत ते रोज राखणीला आपल्या दारात खाट टाकून झोपत, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर अण्णांनी तीच खाट उचलून त्यांच्या दारात नेली होती. पण त्याच दिवसांत, जालन्याकडे, आईच्या धाकट्या भावाला, भास्करमामाला, रझाकारांनी मारलं. त्यानंतर आई त्या घराशी एक शब्द बोलली नाही. तिला कोण काय म्हणणार होतं? पुढच्या वर्षी वहीदचाचांची आई वारली, आणि चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर ते बायकामुलांना घेऊन कराचीला गेले. जाताना त्यांनी अण्णांकडे एकच गोष्ट मागितली. अम्मीच्या कबरीवर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, फुलं टाकत जा, दुसरं कोणी उरलेलं नाही. अण्णांनी हो म्हटलं आणि घरात सांगितलं नाही. भाऊ गेलेल्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि निजामाच्या कचेरीतला कारकून कराचीशी पत्रव्यवहार करतो हे बाहेर कळणंही त्या वर्षात बरं नव्हतं. पत्रं कचेरीच्या पत्त्यावर यायची.

हे सगळं तुला आज कळतंय. मला तेहतीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता खरं ते लिहितो.

१९५० चा मे महिना होता. मी चौदा वर्षांचा होतो आणि मला सिनेमाचं वेड लागलेलं होतं. एके दिवशी अण्णांनी मला थेटरातून कान धरून बाहेर काढलं आणि तसंच, कान न सोडता, भर बाजारातून घरापर्यंत आणलं. वाटेत माझे मित्र उभे होते. ते हसत होते. अण्णांनी आयुष्यात तेवढं एकदाच मला हात लावला, पण मला तेव्हा ते जगातले सर्वांत दुष्ट गृहस्थ वाटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. धुवायला काढलेल्या कोटाच्या खिशात तिला एक कागद सापडला होता. उर्दूत. तू शाळेत गेलीस तोवर सगळं मराठीत झालं होतं. मी मात्र पाचवीपर्यंत उर्दूतच शिकलो, त्यामुळे घरात अण्णांखेरीज ती लिपी वाचणारा मी एकटा. आईचे हात पिठाचे होते. तिनं कागद कोपरानं माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "बाईचं अक्षर आहे का रे?"

मी आधी पूर्ण वाचलं, मनातल्या मनात. वहीदचाचांनी लिहिलं होतं, "अम्मीच्या कबरीवर तू फुलं टाकतोस त्याचे उपकार कसे फेडू? तिकडे आता माझं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे." मला सगळं समजलं. मग मी आईकडे पाहिलं. तिनं आधीच काहीतरी ठरवलेलं होतं आणि ती फक्त माझ्या होकारासाठी थांबली होती. फुलं, वास, उशीर, सगळं तिनं जुळवून ठेवलं होतं. माझा कान अजून दुखत होता.

मी म्हणालो, "हो."

कालिंदी, तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिनं विचारलं, "काय लिहिलंय?" आणि मी कागद डोळ्यांसमोर धरून वाचायला लागलो. "तुमची वाट बघून डोळे दुखले. गुरुवारी गुलाब आणायला विसरू नका. घरी कळू देऊ नका." आदल्या दिवशीच्या सिनेमातलं थोडं, त्याआधीच्या सिनेमातलं थोडं, उरलेलं माझं. आईच्या चेहऱ्याकडे बघत बघत मी वाक्यं जुळवत होतो. कुठं तिचा श्वास अडकतो ते पाहून पुढचं वाक्य तसं करत होतो. मला मजा वाटत होती. हे खरं आहे. आजवर माझ्या पुस्तकांना पुष्कळ वाचक मिळाले, टाळ्याही मिळाल्या. पण त्या दुपारी आईनं जसं ऐकलं तसं पुन्हा कोणी ऐकलं नाही.

मला वाटलं, आज भांडण होईल, अण्णा खरं काय ते सांगतील, मला अजून एकदा मार बसेल आणि संपेल. भांडण झालंच नाही. संध्याकाळी मी मधल्या दाराआड उभा होतो. आई एवढंच म्हणाली, "मुकुंदानं पत्र वाचून दाखवलंय मला. सगळं कळलंय."

अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, "कळलं ते एक बरंच झालं. तुला त्रास होणार हे मला माहीत होतं. पण मी शब्द दिलाय. हे मी सोडणार नाही."

"तुमची मर्जी," आई म्हणाली.

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं पान बाहेरच्या खोलीत मांडलं जाऊ लागलं. गुरुवारी रात्री त्यांच्या आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात ठेवलेलं असायचं. आई ते घाणेरड्या माणसासाठी ठेवत होती. अण्णा समजत होते, कब्रस्तानातून आलेल्याला विटाळ म्हणून ठेवते आहे. दोघंही एकच बादली बघत होते.

हे मला नुसतं वाटत नाही. अण्णांची कचेरीतली सवय तुला माहीत आहे, नक्कल काढल्याशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही. घरच्या पत्रांच्याही ते नकला ठेवायचे. गेल्या आठवड्यात लोखंडी पेटी उघडली. कराचीला धाडलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल तिच्यात तारखेनुसार बांधून ठेवलेली आहे. जून पन्नासमधली ही बघ, जशी आहे तशी मराठीत देतो: "घरात कळलं. मुकुंदानं तुझं पत्र त्याच्या आईला वाचून दाखवलं. अंबिका माझ्याशी बोलत नाही. तिचा राग रास्त आहे. तिचा भाऊ गेला आहे, आणि मी तुमच्या घरच्या कबरीवर फुलं टाकतो आहे. तिला एक ना एक दिवस वाटेल की मेलेल्यांशी वैर नसतं. तोवर मी तिला काही म्हणणार नाही." त्यांच्या हातची उर्दू नक्कल सोबत जोडली आहे. वहीदचाचा एकाहत्तरच्या सुमारास गेले. शेवटच्या गठ्ठ्यात त्यांच्या मुलाचं तेवढं एक कार्ड आहे. फुलं चालूच राहिली.

तुझ्या लग्नात आई अण्णांच्या शेजारी बसायला तयार झाली नाही. कन्यादान मोठ्या मामा-मामींनी केलं, आणि अण्णा मांडवाच्या टोकाला पाण्याची घागर घेऊन उभे राहिले. आलेल्याला पाणी देत होते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. एक वाक्य बोललो असतो तर ते पाटावर बसले असते. तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी आई तुझ्या बाळंतपणाला म्हणून गंगापूरला गेली ती परत आलीच नाही.

आणि मी काय केलं? मी ती गोष्ट लिहिली. गुरुवारी फुलं घेऊन जाणारा कारकून, त्याची मुकी बायको आणि ती दुसरी. लिहिता लिहिता मला ती दुसरी बाई दिसायला लागली. तिची पायरी, तिच्या हिरव्या बांगड्या. अण्णांनी कधी नाकारलंच नाही, तेव्हा असेलही कोणी, असं मी मलाच पटवत होतो. गोष्टीचं नाव झालं. तिचा सिनेमा निघाला तेव्हा अख्खं गाव अण्णांकडे बोट दाखवून म्हणालं, हे केशवरावांचंच. आपल्याच गल्लीतल्या बायका शपथेवर सांगायच्या की त्यांनी त्या बाईला पाहिलंय. एक म्हणाली, हिरव्या बांगड्या घालते.

अण्णांनी तो सिनेमा पाहिला होता. तीनच्या खेळाला, एकट्यानं. मी तेव्हा पुण्याहून आलो होतो. भीत भीत विचारलं, कसा वाटला. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "बिचारा माणूस. पण त्याच्या बायकोनं एकदा तरी विचारायला हवं होतं रे."

त्यांनी स्वतःला ओळखलंच नाही, कालिंदी. कसं ओळखणार? त्यांच्या बायकोला तर सगळं कळलेलं होतं.

तू म्हणशील, एसटीत बसून समोर येऊन का नाही सांगितलंस? क्रांती चौकापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. मला माझी भीती वाटते. आईसमोर बसलो की मी पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत बोलणार, आणि कुठंतरी एखादं वाक्य स्वतःसाठी सोयीचं करणार. कागदावर निदान एकदा लिहिलं की बदलता येत नाही. म्हणून तू वाच. सावकाश वाच. तिला सांग की तिला कोणी फसवलं असेल तर मी फसवलं, त्यांनी नाही. तिनं तिथं कुंकू पुसलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची छाती होत नाही.

क्षमा मागत नाही. ती मागायची तर आधी अण्णांकडे मागायला हवी होती, आणि त्यांच्याजवळ मी पंधरा-पंधरा दिवस राहून गेलो आहे.

तिच्या उत्तराची वाट पाहतो.

मुकुंद


गंगापूर,
गुरुवार, २२ डिसेंबर १९८३

ती. दादास,

पत्र मिळालं. आईचा दमा तसाच आहे. रात्री बसून काढते.

तू सांगितल्याप्रमाणे आधी एकटीनं वाचलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं, घरी वाचवेना. सोबतची नक्कल मी आमच्या शाळेतल्या उर्दूच्या बाईंकडे नेली. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नेली, हे स्पष्टच लिहिते. त्यांनी दोनदा वाचली. तू लिहिलंस तसंच आहे. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, माझे वडील. अठरा वर्षांत मी कोणाला माझे वडील म्हणून त्यांची ओळख दिली नव्हती.

रविवारी दुपारी आईला वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. वाचून झालं तशी म्हणाली, "मुकुंदा लहानपणापासून असाच. कोणी दुःखात असलं की गोष्ट रचून सांगतो."

मी म्हणाले, आई, ही गोष्ट नाही.

"चांगली रचलीय. त्या सिनेमापेक्षा बरी आहे. बापाचं नाव धुऊन काढावंसं वाटलं असेल लेकराला, आता ते गेलेत तर. वाटू दे."

मी नक्कल पुढं केली. शाळेतल्या बाईंचं सांगितलं, त्यांना घरी आणते म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मला आता कोणी काही वाचून दाखवायचं नाही. तो कागद मी या हातांनी धरला होता. बाईचंच अक्षर होतं, मी ओळखलं होतं. आणि तेव्हा मुकुंदा चौदा वर्षांचा होता. त्या वयाचं पोर आईशी असलं खोटं बोलत नसतं."

दादा, तुझं आत्ताचं तिला खोटं वाटतं. तेव्हाचं अजून खरं आहे.

मग दोन दिवस काही नाही. काल मी पोळ्या लाटताना ती मागून म्हणाली, "तो कब्रस्तानातला म्हातारा काय म्हणाला म्हणे? तेवढं वाच." मी पत्र आणून तेवढं वाचलं. पाऊस असो, कर्फ्यू असो, कधी खाडा नाही. ती ऐकत राहिली. पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरे." आणि मला कणीक सैल झाली म्हणून रागावली.

तिला पटलेलं नाही, की पटून घ्यायचं नाही, मला ठरवता येत नाही. पटलं तर तिच्या हातात काय उरतं? तेहतीस वर्षं उरतात, आणि बाहेर मांडलेलं ते पान. या वयात ते तिच्यासमोर ठेवायचा अधिकार मला नाही. तुला तर नाहीच. मी तिला पुन्हा सांगणार नाही. तू येऊ नकोस. तू आलास तर ती तुझं कौतुकच करेल, आणि ते मला बघवणार नाही.

मला मात्र पटलंय. रोज पटतंय. माझ्या लग्नात मांडवाच्या टोकाला ज्यांनी मला पाणी दिलं, त्यांच्या हातून मी ते घेतलं नव्हतं. तहान लागली होती तरी घेतलं नव्हतं. ते तू पाहिलं नसशील, म्हणून सांगते.

पत्राखाली "तुझी" असं लिहायची पद्धत आहे. ते आज जमत नाही.

केशवरावांची मुलगी,
कालिंदी